खोल किडीच्या दातातील अस्तर : एका उपचाराचा इतिहास आणि कल्याण छावणीचा परिसर

सन १९४८ च्या मार्च महिन्याच्या २९ तारखेला भारतातील दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला आणि त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, १९ एप्रिल रोजी, राज्य कामगार विमा कायदा झाला. पहिल्याने दात पाहण्याचा अधिकार कोणाला, हे ठरविले. दुसऱ्याने आजारी कामगाराला कोणत्या दिवसापासून भत्ता द्यावयाचा, हे ठरविले. एका कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांनी दुसऱ्याचा विचार केला असण्याचे काही कारण दिसत नाही. तथापि कल्याणच्या पलीकडे, उल्हास नदीच्या खोऱ्यात, त्याच सुमारास अशी एक वस्ती आकारास येत होती की, जेथे हे दोन्ही कायदे एकाच माणसाच्या, किंबहुना एकाच दाढेच्या, वाट्याला येणार होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळ एक मोठी संक्रमण छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींतून आसरा देण्यात आला. त्यांची संख्या ९० हजारांच्या वर गेली होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्पांची जुनी गणती मात्र तेथील पत्त्यांतून अद्यापही गेलेली नाही. लोहमार्गाने पुढचे गाव अंबरनाथ. तेथे १९२० नंतरच्या दशकातच काड्यापेट्यांचा मोठा कारखाना निघाला होता. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले आणि १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीने त्यात भर घातली. उल्हासनगरच्या कडेला शहाड येथे १९५० नंतरच्या दशकात रेयॉनचा कारखाना सुरू झाला. त्याही पुढचे बदलापूर हे त्या काळी भातशेतीचे गाव होते. मुंबईला रोज गाडीने जाऊन येणाऱ्यांची वस्ती तेथे नंतर वाढली. निर्वासित, गिरणी-कारखान्यांतील कामगार आणि शेतकरी असा हा संमिश्र समाज होता. या समाजातील एखाद्याच्या दाढेला खोल कीड लागली म्हणजे तिचे काय होत असे, आणि जे होत असे ते तसेच का होत असे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधताना दंतवैद्यकातील एका लहानशा वस्तूचा, भरणाखाली घालावयाच्या अस्तराचा, इतिहास पाहणे अपरिहार्य ठरते.

दाताच्या बाहेरील कठीण कवचास दंतवल्क म्हणतात. त्याच्या आत दंतिन असते आणि दंतिनाच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी युक्त असा मऊ मगज असतो. बोलीत यालाच दाताची नस म्हणतात. कीड दंतवल्क भेदून दंतिनात शिरली की दंतिन मऊ पडत जाते. दंतिन हा सलग दगड नव्हे. त्यातून मगजाकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यामुळे कीड मगजापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिची वार्ता तेथे पोहोचलेली असते. कीड खरवडून झाली की खड्डा धातूने अथवा अन्य द्रव्याने भरावयाचा, हा सर्वपरिचित उपचार. पण खड्डा खोल असेल आणि त्याच्या तळाशी मगजावर दंतिनाचा जेमतेम पापुद्रा उरला असेल, तर भरण्यापूर्वी तळावर दुसऱ्याच एखाद्या द्रव्याचा पातळ थर देण्याची प्रथा पडली. कोटाला किंवा विहिरीला असते तसे हे अस्तर. बाहेरून पाहणाऱ्यास ते दिसत नाही, रुग्णाला त्याचे नावही ठाऊक नसते; त्याच्या लेखी चांदी भरली एवढेच खरे असते. परंतु गेल्या अडीचशे वर्षांत दंतवैद्यांनी या न दिसणाऱ्या थराविषयी जितका वाद घातला, तितका चांदीविषयी क्वचितच घातला असेल.

किडीचा खड्डा भरण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सुश्रुताने दंतरोगांत कृमिदंतक सांगितला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील उत्तरस्थानात याच रोगाच्या चिकित्सेत दाताचे छिद्र गुळाने किंवा मेणाने भरून डाग द्यावा असे म्हटले आहे. सातवीण व रुई यांच्या चिकाने पूरण करण्याचाही निर्देश तेथे आहे. येथे पूरण आहे, परंतु अस्तर नाही, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. भरलेले द्रव्य आणि दाताचा गाभा यांच्यामध्ये तिसरे काही असावे असा विचार त्यात दिसत नाही. आधुनिक अस्तरांतील दोन प्रमुख द्रव्ये, लवंगेच्या तेलातील युजेनॉल आणि चुना, ही आपल्या स्वयंपाकघरातील व पानाच्या डब्यातील असल्यामुळे त्यांचे श्रेय प्राचीनांना देण्याचा मोह काही लेखकांना होतो. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरण्याचा प्रघात जुना आहे, यात शंका नाही. पण द्रव्य ओळखीचे असणे आणि उपचार ओळखीचा असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

युरोपात पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुखऱ्या खोल खड्ड्यात लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलात भिजविलेला कापूस काही दिवस ठेवावा व मग दात भरावा असे सांगितले आहे. येथे प्रथमच भरणापूर्वीचा एक टप्पा दिसतो. मात्र कापूस काढून टाकला जात असे, तो आत राहात नसे. आत राहणारा थर फिलिप फाफ याच्या नावावर आहे. बर्लिनचा हा दंतवैद्य प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या सेवेत होता. मगज उघडा पडला असता त्यावर सोन्याचा लहानसा, किंचित पोकळ तुकडा ठेवावा, म्हणजे वरचे भरण मगजाला टेकणार नाही, असे त्याने १७५६ च्या आपल्या पुस्तकात सुचविले. फाफच्या मनात जंतूंची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्याची भीती दाबाची होती. मऊ मांसावर कठीण धातू टेकला तर ते चिरडेल, एवढा साधा तर्क त्यामागे होता. अस्तराच्या इतिहासातील हे पहिले कारण, आणि ते पूर्णतः यांत्रिक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रश्नाचे स्वरूप बदलले. मगज उघडा पडल्यावर काय करावे, यापेक्षा तो उघडा पडू द्यावा की नाही, हा वाद महत्त्वाचा ठरला. लंडनचे जॉन टोम्स हे दंतिनातील सूक्ष्म तंतूंच्या संशोधनामुळे प्रसिद्ध आहेत. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे मत मांडले की, मगजावरील रंग बदललेल्या दंतिनाचा थर सर्वच्या सर्व खरवडून मगज धोक्यात घालण्यापेक्षा तो थर जागेवर ठेवून त्यावर भरणे अधिक श्रेयस्कर होय. म्हणजे टोम्स यांच्या मते सर्वांत चांगले अस्तर दंतवैद्याच्या पेटीत नसून रुग्णाच्या दातातच होते. या मताला अर्ध्या शतकाने उत्तर मिळाले ते शिकागोहून. ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांच्या १९०८ च्या ग्रंथाने पुढील दोन पिढ्यांचे दंतवैद्य घडविले. त्यांचा आग्रह असा की, मऊ पडलेले दंतिन मगजावर शिल्लक ठेवणे हा दोष आहे. ते पूर्णपणे काढताना मगज उघडा पडला तरी चालेल, पण कीड झाकून ठेवू नये.

दोन मतांच्या मध्ये जंतुशास्त्राचा उदय झाला होता, हे विसरता कामा नये. विलोबी मिलर यांनी बर्लिनमध्ये केलेल्या संशोधनातून तोंडातील जंतू अन्नातील शर्करेपासून अम्ल तयार करतात व त्याने दात झिरपत जातो, हे १८९० पर्यंत स्पष्ट झाले होते. शस्त्रवैद्याने जखमेत घाण ठेवून टाके घालू नयेत, हा दंडक सर्वमान्य झालेल्या काळात ब्लॅक लिहीत होते. त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती : त्यांचा नियम शिकविता येत असे आणि तपासता येत असे. खड्ड्याचा तळ कठीण लागला पाहिजे, हे परीक्षकाला सळईच्या टोकाने पाहता येते. टोम्स यांच्या मतात मात्र किती ठेवावे आणि किती काढावे हा निर्णय दंतवैद्याच्या हातावर सोपविलेला होता आणि हाताची परीक्षा घेणे अवघड असते. ब्लॅक यांच्या मताचा विजय केवळ शास्त्राचा नव्हता, तो महाविद्यालयाचाही होता, असे मानण्यास जागा आहे.

या विजयाची किंमत मगजाने दिली. त्यातच १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने कॅनडातील मॅगिल विद्यापीठात केलेल्या भाषणात सोन्याच्या टोपणांखाली दडलेल्या पुवाला शरीरातील अनेक रोगांचे मूळ ठरविले. तेथून पुढे कित्येक वर्षे मेलेल्या मगजाचा दात संशयित मानला जाऊ लागला आणि संशयित दात उपटणे हा सुरक्षित उपाय ठरला. उघडा पडलेला मगज झाकून वाचविण्याचा प्रयत्न करणाऱ्यास भाबडे समजले जाऊ लागले.

त्याच काळात अस्तराला नवी कारणे मिळत होती. पाऱ्याच्या मिश्रधातूचे भरण स्वस्त व टिकाऊ खरे, पण धातू उष्णता झटकन पोहोचवितो. चहाचा घोट घेतला की कळ. म्हणून त्याखाली उष्णतारोधक म्हणून जस्ताच्या फॉस्फेट सिमेंटचा थर देण्यात येऊ लागला. पण हे सिमेंट फॉस्फरिक अम्लात कालविलेले असते आणि ओले असताना चांगलेच आंबट असते. तेव्हा अस्तरापासूनच मगजाला जपण्यासाठी आणखी एक अस्तर आले : राळेच्या वार्निशाचा हात किंवा जस्ताची भुकटी लवंगेच्या तेलात कालवून केलेला लेप. पुढच्या दातांसाठी दाताच्या रंगाचे सिलिकेट सिमेंट विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आले, तेव्हा त्याखाली मगज मरतो असा अनुभव येऊ लागला आणि दोष पुन्हा अम्लालाच देण्यात आला. दाबाच्या जागी उष्णता आली, उष्णतेच्या जोडीला रसायन आले. थर मात्र कायम राहिला. उपचार एकच आणि कारणे बदलती, हे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडते. येथे ते विशेष ठळकपणे दिसते.

चुना या कथेत १९२० साली येतो. जर्मनीतील बर्नहार्ड हेर्मान यांनी त्या वर्षी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा दंतचिकित्सेतील उपयोग मांडला. हे रसायन म्हणजे विरी गेलेला चुनाच होय. त्याच्या तीव्र क्षारतेमुळे उघड्या मगजाचा अगदी वरचा पापुद्रा जळतो. त्याखालील जिवंत भाग मात्र नवे कठीण ऊतक तयार करून आपले छिद्र आपणच बुजवितो. १९३८ व १९३९ साली अमेरिकेत ट्यूशर व झँडर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हा नवा दंतिनाचा पूल दाखविला आणि हंटर यांच्या भाषणानंतर मागे पडलेला मगजरक्षणाचा विचार पुन्हा पुढे आला. सामान्य समजूत अशी झाली की, चुन्यातील कॅल्शियमच या पुलात जाऊन बसते. ती चुकीची होती. स्कियाकी व पिसांती यांनी १९६० साली कुत्र्यांच्या दातांवर किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून असे दाखविले की, पुलातील कॅल्शियम लेपातून येत नाही. ते शरीर स्वतः पुरविते. चुना दाताला खाऊ घालीत नाही, तो त्याला केवळ चिथावतो. तयार मिळणारी, पटकन घट्ट होणारी चुन्याची अस्तरे १९६० नंतरच्या दशकात बाजारात आली आणि दंतवैद्याच्या तबकात त्यांना कायमची जागा मिळाली. त्याला एक व्यावहारिक कारणही होते. नव्याने आलेल्या राळयुक्त भरणांखाली लवंगेच्या तेलाचा लेप चालत नसे, कारण युजेनॉल त्या राळेला घट्ट होऊ देत नाही. चुन्याची ही अडचण नव्हती.

आता कल्याणच्या छावणीकडे वळावयास हरकत नाही. १९४८ च्या कायद्यापूर्वी या देशात दंतवैद्यांची स्थिती काय होती? भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन लाख लोकांमागे एक दंतवैद्य असे प्रमाण दिले आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० साली दंतवैद्यकाचे शिक्षण सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालय १९३३ साली निघाले. लाहोरचे महाविद्यालय फाळणीत पलीकडे गेले. अशा देशात कायदा करताना केवळ पदवीधरांनाच दात पाहू द्यावे असे ठरविले असते, तर बहुतेक जिल्ह्यांत कोणीच उरले नसते. म्हणून नोंदवहीचे दोन भाग करण्यात आले. अ भागात मान्य पदवी असलेले आणि ब भागात पदवी नसलेले, परंतु निदान पाच वर्षे हाच मुख्य चरितार्थ असलेले. पुढे या कायद्यात विस्थापितांच्या नोंदणीसाठी खास तरतूद घालण्यात आली. ती का घालावी लागली, हे उल्हासनगरकडे पाहिले असता समजते. सिंधमधील एखाद्या गावी वडिलोपार्जित दुकानात दात काढणाऱ्या व बसविणाऱ्या माणसाने आपला पाच वर्षांचा व्यवसाय कोणत्या कागदाने सिद्ध करावयाचा? त्याचे दुकान, त्याची गिऱ्हाइके आणि त्याच्याविषयी साक्ष देऊ शकणारी पंचमंडळी सीमेपलीकडे राहिली होती किंवा विखुरली होती.

नोंदवही ही इतिहासाच्या अभ्यासकास मोलाची आहे, पण तिची मर्यादाही तेथेच दिसते. नाव, पत्ता, भाग अ की ब, इतके ती सांगते. त्या माणसाने दाढेच्या तळाशी काय घातले, हे ती सांगत नाही. ब भागातील व्यावसायिकाचे शिक्षण वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली झालेले असे. ब्लॅक यांच्या ग्रंथाचा दंडक त्याच्यापर्यंत परीक्षेच्या वाटेने आलेला नव्हता. यावरून त्याचा उपचार निकृष्ट होता असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. ती सर्वस्वी बरोबर नाही. ज्याच्याजवळ पायाने चालविण्याचे यंत्र आणि हाताची हत्यारे एवढेच आहे, तो माणूस तळापर्यंत खरवडीत जाणे कठीण. तो मऊ भाग थोडाफार ठेवून त्यावर लवंगेचा लेप घालून वर भरील, हे अधिक संभवते. म्हणजे न शिकल्यामुळे तो टोम्स यांच्या पंथाचा ठरतो. अर्थात हे अनुमान आहे; आणि त्याच्या विरुद्ध बाजूस अधिक वजनदार अनुमान ठेवावे लागते, ते असे की, बहुतेक खोल किडलेल्या दाढा भरल्या जातच नव्हत्या, त्या काढल्या जात होत्या.

त्या का काढल्या जात, याचे उत्तर केवळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. येथे दुसरा कायदा उपयोगी पडतो. राज्य कामगार विमा कायद्याच्या ४९ व्या कलमान्वये आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नसे. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजार उद्भवला, तरच या अटीतून सूट मिळे. तरतुदीमागील हेतू उघड होता : किरकोळ दुखण्यांनी निधीवर भार पडू नये. पण खोल कीड हे नेमके किरकोळ दिसणारे दुखणे आहे. त्यासाठी लागतो तो एक दिवस, आणि उपचार टप्प्याटप्प्याने करावयाचा असल्यास काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आणखी एक दिवस. अशा सुट्या दिवसांची मजुरी कामगाराच्या पदरची जाणार. दाढ उपटण्यास एकच खेप पुरते. मगज वाचविण्याच्या प्रत्येक पद्धतीत, मग ती टोम्स यांची असो की हेर्मान यांची, दंतवैद्याला पुन्हा एकदा दात पाहावयाचा असतो. अंबरनाथच्या कारखान्यातील पाळीचा कामगार, उल्हासनगरच्या बराकीत शिलाईयंत्र चालविणारा आणि लावणीच्या दिवसांत चिखलात उभा असलेला बदलापूरचा शेतकरी या तिघांनाही ही दुसरी खेप सारखीच जड होती. शास्त्रीय ग्रंथांत अस्तराचे गुणदोष पृष्ठेच्या पृष्ठे सांगितलेले असतात, परंतु ते घातल्यावर रुग्ण परत येईल हे त्यांत गृहीत धरलेले असते.

अस्तराविषयीच्या सर्व जुन्या कारणांना धक्का देणारा प्रयोग १९६५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे झाला. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले : काही सर्वसाधारण, काही जन्मापासून जंतुरहित वातावरणात वाढविलेले. दोहोंच्या दाढांना भोक पाडून मगज उघडा केला आणि त्यावर काहीही घातले नाही. सोन्याचा तुकडा नाही, लवंगेचा लेप नाही, चुना नाही. उलट खाद्याचे कण त्या छिद्रांत जाऊन बसले. सर्वसाधारण उंदरांचा मगज मेला, गळवे झाली. जंतुरहित उंदरांत मात्र दंतिनाचा पूल आपोआप तयार झाला. दाब, उष्णता, अम्ल आणि क्षार या चारही गोष्टी दुय्यम ठरल्या. मगजाचा खरा वैरी एकच, तोंडातील जंतू. स्वीडनमध्ये ब्रेनस्ट्रोम यांनी पुढील काही वर्षांत दाखविले की, सिलिकेटखाली मगज सुजतो तो बहुतांशी भरण आणि दात यांच्यामधील फटीतून शिरणाऱ्या जंतूंमुळे. गारठ्याची व उष्णतेची कळदेखील धातूच्या वाहकतेपेक्षा दंतिनाच्या नळ्यांतील द्रवाच्या हालचालीने येते, हे प्रतिपादनही त्यांचेच. ज्या अम्लापासून बचाव म्हणून अर्धशतक अस्तरे घातली गेली, त्याच्यावरचा मुख्य आरोप अशा रीतीने सुटला.

चुन्याचीही मग फेरतपासणी झाली. जुने भरण काढले असता त्याखालचे चुन्याचे अस्तर कित्येकदा विरघळून गेलेले आढळे आणि तेथे पोकळी राहिलेली असे. चुन्याने घडविलेल्या पुलात बोगद्यांसारखी छिद्रे असतात, हे अमेरिकेत चार्ल्स कॉक्स व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. म्हणजे वरून जंतू आले, तर तो पूल त्यांना अडवीलच असे नाही. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात तोराबिनेजाद यांनी जे नवे द्रव्य प्रचारात आणले, त्याचा मूळ घटक बांधकामाचे पोर्टलँड सिमेंट हा होता. मौज अशी की, तेही घट्ट होताना चुनाच सोडते, फक्त स्वतः विरघळून जात नाही. गवंड्याने चुन्याकडून सिमेंटकडे केलेला प्रवास दंतवैद्याने शतकभर उशिरा केला, असे म्हणता येईल. उघड्या पडलेल्या मगजावर या द्रव्याचा उपयोग आज मान्य आहे.

मगज उघडा पडलेला नाही, पण कीड खोल आहे, अशा दाढेचे काय? संख्येने हीच प्रकरणे अधिक असतात. जपानमध्ये फुसायामा यांनी किडलेल्या दंतिनाचे दोन थर वेगळे करून दाखविले : बाहेरचा, जंतूंनी भरलेला व पुन्हा न सुधारणारा, आतला, मऊ झालेला पण पुन्हा कठीण होऊ शकणारा. टोम्स यांनी जे अनुभवाने सांगितले होते, त्याला या भेदाने आधार मिळाला. टोम्स रंग पाहून ठरवीत आणि रंग फसवा असतो, एवढी दुरुस्ती मात्र करावी लागली. २०१६ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन ज्या शिफारशी केल्या, त्यांत मगजाजवळील मऊ दंतिन जागेवर ठेवून कडा मात्र स्वच्छ व कठीण कराव्यात, आणि वरचे भरण फट न राहता बसवावे, असे सांगितले आहे. राहिलेल्या जंतूंना शर्करा मिळाली नाही की ते निष्प्रभ होतात. मागील दातांतील राळयुक्त भरणांखाली अस्तर घातल्याने नंतरची कळ कमी होते काय, याचा कॉक्रेन संस्थेने त्याच वर्षी आढावा घेतला. तसे म्हणण्यास विश्वसनीय पुरावा त्यांना आढळला नाही. ज्या थरासाठी इतका वाद झाला, तो पुष्कळ ठिकाणी अनावश्यक ठरण्याच्या मार्गावर आहे, आणि त्याची जागा ज्याने घेतली तो दाताचाच, ब्लॅक यांनी खरवडून टाकावयास लावलेला, थर आहे. ब्लॅक यांच्यावर या प्रकरणी टीका करणे आज सोपे आहे. परंतु त्यांच्या वेळच्या सिमेंटांनी कडा जंतूंना अटकाव होईल इतक्या बंद होत नसत. तेव्हा कीड आत ठेवण्यास त्यांनी केलेला विरोध त्यांच्या साधनांच्या मानाने अगदीच अवास्तव नव्हता.

दुसऱ्या खेपेचा प्रश्न मात्र यानंतरही शिल्लक होता. खोल कीड दोन टप्प्यांत काढावी, म्हणजे पहिल्या वेळी मऊ भाग ठेवून तात्पुरते भरावे आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उघडून उरलेला काढावा, अशी पद्धत युरोपात विशेष रूढ होती आणि मगज वाचविण्यात ती ब्लॅक यांच्या पद्धतीहून सरस ठरली होती. ब्राझीलमध्ये माल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक दवाखान्यांतील रुग्णांवर तिची तुलना एकाच खेपेत मऊ भाग कायमचा बंद करण्याच्या पद्धतीशी केली. तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. एका खेपेच्या पद्धतीत शेकडा ९१ मगज जिवंत राहिले होते आणि दोन खेपांच्या पद्धतीत शेकडा ६९. या फरकाचे एक प्रमुख कारण द्रव्यात किंवा हातात नव्हते : दुसऱ्या गटातील कित्येक रुग्ण दुसऱ्या खेपेला आलेच नाहीत आणि तात्पुरते भरण त्यांच्या तोंडात झिजत राहिले. कल्याण छावणीतील दंतवैद्यास, तो अ भागातला असो की ब भागातला, या निष्कर्षात काही नवे वाटले नसते.

त्या पिढीतील दंतवैद्यांच्या कामाचा कागदोपत्री पुरावा तुटपुंजा असला, तरी दुसऱ्या प्रकारचा पुरावा अद्याप सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी भरलेली चांदीची दाढ क्वचित एखाद्या वृद्धाच्या तोंडात अजूनही आढळते. ती बदलण्याची वेळ आली की काळवंडलेल्या धातूखाली कधी पिवळट सिमेंट लागते, कधी त्याखाली लवंगेचा मंद वास येतो, कधी केवळ पोकळी असते, आणि कधी जुन्या किडीचा तपकिरी, पण आता दगडासारखा कठीण झालेला थर लागतो. शेवटच्या प्रकारात दंतवैद्याने तो थर जाणून ठेवला होता की तेथवर त्याचे हत्यार पोहोचले नव्हते, हे दाताकडे पाहून सांगता येत नाही. काढलेले भरण टाकून दिले जाते. खाली काय निघाले याची नोंद रुग्णपत्रिकेत ठेवली जावी, आणि पूर्वी भरलेले साल व गाव रुग्णाला आठवत असल्यास तेही लिहून घेतले जावे, एवढे जरी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील काही दवाखान्यांत नियमाने झाले, तरी नोंदवहीतील ब भागाच्या नावांना थोडाफार आशय प्राप्त होईल. त्यासाठी हाताशी असलेला काळ मात्र थोडा आहे, कारण त्या दाढांचे धनी आता ऐंशीच्या घरात आहेत.